मोत्याची विमानवारी

प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्याकडे आधी याद्या होतात. दशम्या, लोणच्याची बरणी, फिरकीचा तांब्या, औषधांची पिशवी, मुलांचे स्वेटर. आणि निघणारा नागपूरकर असेल तर संत्र्यांची करंडी किंवा संत्रा बर्फीचे डबे ओघाने आलेच. या यादीत घरच्या कुत्र्यामांजरांचे नाव पूर्वी कधी नसे. घरात कोणी ना कोणी मागे राहतच असे. नाहीतर वाड्यात बिऱ्हाडकरू होते, पलीकडच्या काकू होत्या. चार दिवस भाकरतुकडा घालायला कोणी ना म्हणत नसे. आता वाडे गेले आणि फ्लॅट आले. सुट्टी लागली की शेजारी आपल्याही आधी कुलूप लावून मोकळे होतात. त्यामुळे "ह्याचे काय करायचे?" हा प्रश्न घरोघरी उभा राहू लागला आहे. आणि जाणे आठ दिवसांचे नसून बदलीचे असेल, तर मग प्रश्न राहत नाही, पेच होतो.

आमच्यावर हा पेच २०२३ साली आला. ह्यांची बदली मुंबईला झाली आणि धरमपेठेतले पंचवीस वर्षांचे बिऱ्हाड हलवायची वेळ आली. सामान ट्रकने जाणार होते. हे पुढे जाऊन जागा पाहणार होते. मागाहून निघणार आम्ही चौघे: सासूबाई, मी, माझी मुलगी आणि मोत्या. मोत्या म्हणजे आमचा पांढरा स्पिट्झ कुत्रा. वय वर्षे अकरा, वजन नऊ किलो, आणि स्वभाव घरातल्या कर्त्या पुरुषाचा. मामंजींनी त्याला पिल्लू असताना आणले. मामंजी गेल्यापासून तो सासूबाईंच्या पलंगाखाली निजतो. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "मोत्या येणार नसेल तर माझे तिकीट काढू नका." तेव्हा न्यायचे की नाही यावर आमच्या घरी चर्चा झालीच नाही. चर्चा झाली ती कसे न्यायचे यावर.

नागपूरहून मुंबईला जायचे तर पहिला विचार रेल्वेचाच येतो, आणि बहुतेक कुटुंबांनी तोच करावा असे माझे आजही मत आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गात दोन बाकांची कूप किंवा चार बाकांची केबिन संपूर्ण आपल्या नावावर असेल, तर कुत्र्याला सोबत नेता येते. एरवी त्याची जागा गार्डच्या डब्यातल्या पेटीत. मात्र कूप मिळणार की नाही हे गाडीचा तक्ता लागेपर्यंत निश्चित कळत नाही. मोटारीचा मार्गही आता सुकर झाला आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला आणि नागपूर ते मुंबई ही ७०१ किलोमीटरची वाट सलग झाली. आमची अडचण निराळी होती. सासूबाईंच्या मणक्याला त्याच वर्षी इजा झाली होती. दीड-दोन तासांपेक्षा जास्त बसायचे नाही आणि गाडीचे हिसके तर मुळीच नकोत, असे डॉक्टरांनी बजावले होते. दोघांना वेगवेगळ्या वाटांनी न्यावे, तर सासूबाई ऐकत नव्हत्या आणि मोत्या माझ्या हातचे दोन दिवस खाईल याची खात्री नव्हती. म्हणून विमान ठरले.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई झाडू खाली ठेवून म्हणाल्या, "काय सांगता बाप्पा! कुत्र्याले इमानात बसवून राहिले तुम्ही? अन् मी तं अजून इमान जवळून पाह्यलं बी नाई." यावर काय उत्तर द्यावे ते मला त्या दिवशी सुचले नाही, आणि आजही सुचत नाही.

खरे पाहता माणसाच्या आधी प्राणीच विमानात, म्हणजे निदान आकाशात, बसले आहेत. १९ सप्टेंबर १७८३ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यासमोर माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा उडवला. त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा असे तीन उतारू होते. आठेक मिनिटे वर राहून ते तिघेही सुखरूप उतरले. माणसे चढली ती त्यानंतर. पुढे १९५७ च्या नोव्हेंबरात रशियाने लायका नावाची रस्त्यावरची कुत्री अवकाशात पाठवली. तिला परत आणायची सोयच नव्हती. या दोन्ही गोष्टींत एक सूत्र समान आहे. जाणाऱ्याला कोणी विचारले नव्हते, आणि कुठे चाललो, परत कधी येणार, हे त्याला सांगायचा काही मार्गही नव्हता. कुत्र्याला विमानाने नेण्याची सारी अडचण याच एका गोष्टीत आहे. मुलाला आपण समजावतो, "बाळ, कानात दडे बसतील, पण ते जातात." कुत्र्याला हे सांगता येत नाही. म्हणून जे शब्दांनी सांगता येत नाही ते आधीपासून सवयीने सांगावे लागते. तयारी म्हणतात ती एवढीच. आणि तिला आठवडा पुरत नाही, महिना-दीड महिना लागतो.

सुरुवात तिकिटापासून नव्हे, चौकशीपासून करावी. सगळ्या विमानकंपन्या प्राणी घेत नाहीत. एअर इंडियाकडे कुत्री, मांजरे आणि पाळीव पक्षी नेण्याची पद्धत जुनी आहे. आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून प्राणी घेण्यास आरंभ केला, तेव्हा प्रवाशांच्या दालनात न्यायच्या प्राण्याचे वजन पिशवीसकट सात किलोपर्यंत चालत असे. ही मर्यादा कंपनीगणिक निराळी असते आणि वरचेवर बदलते, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबून राहू नये. एका विमानात एक-दोनच प्राणी घेतात. तेव्हा आधी प्राण्याची जागा आहे का ते विचारावे, मग माणसांची तिकिटे काढावीत. आम्ही ज्या कंपनीकडे चौकशी केली तिच्या दूरध्वनीवर तीन दिवसांत तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. शेवटी मी लेखी होकार मागवला, त्याची छापील प्रत काढली आणि ती कुंकवाच्या करंड्यासारखी जपली. विमानतळावर तिचा फार उपयोग झाला. वाचकांनीही तोंडी होकारावर घर सोडू नये.

मोत्याचे वजन नऊ किलो, वर पिशवीचे निराळे. म्हणजे त्याची रवानगी विमानाच्या पोटात, सामानाच्या भागात होणार हे उघड झाले. सासूबाईंनी ते ऐकले मात्र, त्यांचा चेहरा उतरला. "तो काय सामान आहे?" असे त्या म्हणाल्या, आणि रात्री जेवल्या नाहीत.

त्यांची समजूत घालण्यासाठी मी बरीच माहिती मिळवली. ती इतरांनाही उपयोगी पडावी. विमानाच्या ज्या भागात प्राणी ठेवतात तेथील हवेचा दाब प्रवाशांच्या दालनाइतकाच असतो. ऊबही राखता येते. मात्र त्यासाठी खाली प्राणी आहे हे वैमानिकाला लेखी कळवलेले असावे लागते. तिथे अंधार असतो आणि आवाज फार असतो. पण खरा धोका आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त. गाडीवर ठेवलेला पिंजरा उन्हात उभा राहणे, विमानाला उशीर होणे, दार नीट न लागल्याने घाबरलेला प्राणी धावपट्टीकडे पळणे, अशा घटनांतच प्राण्यांच्या जिवावर बेतते. आपल्या नागपुरात तर हे विशेष ध्यानात ठेवायला हवे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, आणि विमानतळावरच्या काँक्रीटवर त्याहूनही अधिक भाजते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि कोंडलेल्या गरम हवेत ती धाप पुरी पडत नाही. म्हणून एप्रिल ते जून हे तीन महिने नागपूरकरांनी कुत्र्याला विमानात बसवूच नये. जाणे टळत नसेल तर पहाटेचे विमान पाहावे. आम्ही डिसेंबर निवडला, तोही सकाळचा. मध्ये विमान बदलावे लागणार नाही, असे थेट विमान घेतले.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांची गोष्ट आणखी वेगळी. २००३ च्या सुमारास एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि घरोघरी पग दिसू लागले. पग, बुलडॉग आणि मांजरांतली पर्शियन जात यांचे नाक आणि घसा जन्मतःच आखूड असल्याने त्यांना दम लवकर लागतो. पुष्कळ कंपन्या त्यांना सामानाच्या भागात घेतच नाहीत. घेत असल्या तरी आपण देऊ नये. त्यांना रेल्वेची कूप बरी.

यानंतरची पायरी डॉक्टरांची. नागपूरकर या बाबतीत भाग्यवान आहेत. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महाराष्ट्राच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठाणेही २००० सालापासून नागपुरातच आहे. मोत्याला आम्ही निघण्यापूर्वी दीड महिना तपासून आणले. डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले, दात पाहिले, रक्त तपासायला घेतले. सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, वय आड येत नाही, हृदय येतं. ह्याचं हृदय चांगलं आहे." मग त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. पिसाळरोगाची म्हणजे रेबीजची लस वेळेवर टोचलेली असावी आणि तिची नोंद पुस्तिकेत तारखेसह असावी. प्रवासास योग्य असल्याचा दाखला अगदी निघायच्या दोन-तीन दिवस आधी घ्यावा, फार जुना दाखला चालत नाही. हा दाखला म्हणजे विमानकंपनीचे खूळ नव्हे. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी १९७८ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यांत कुत्र्यामांजरांसाठी तो सांगितलेलाच आहे.

मी हळूच विचारले, "डॉक्टर, झोपेची गोळी दिली तर? म्हणजे त्याला काही कळणारच नाही." आपल्यापैकी अनेकांच्या मनात हे येत असणार. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, शरीराची ऊब राखण्याची शक्ती कमी होते. त्यात उंचावरची विरळ हवा. शिवाय विमान हलले तर गुंगीतल्या प्राण्याला तोल सावरता येत नाही. खाली त्याच्याकडे पाहायला कोणी नसते. जगभरचे पशुवैद्य या गोळ्यांच्या विरुद्ध आहेत आणि गुंगीतला प्राणी दिसला तर कंपन्या तो परत पाठवतात. "गोळीचं काम सवयीनं करा," डॉक्टर म्हणाले.

सवय म्हणजे पिंजऱ्याची. हा पिंजरा कसाही चालत नाही. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेने त्याचे माप ठरवून दिले आहे, आणि ते घरच्या घरी शिंप्याच्या फितीने काढता येते. कुत्र्याला सरळ उभे करावे. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजावी आणि तीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवावी. ही झाली पिंजऱ्याची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट करावी. ती पिंजऱ्याची रुंदी. डोके किंवा कान, जे उंच असेल तिथपर्यंत मोजून त्यात अंथरुणाची जाडी धरावी, ती उंची. मोत्याची लांबी ५२ सेंटिमीटर आणि कोपर १८ वर, म्हणून लांबी ६१ आली. खांदे १८, म्हणून रुंदी ३६. डोके ४२ वर, अंथरुणासह उंची ४५. आम्ही याहून थोडा मोठाच घेतला. थोडक्यात, आत प्राण्याला उभे राहता, बसता, वळता आणि पाय पसरून निजता आले पाहिजे. चहूबाजूंनी हवा यावी, दार घट्ट लागावे, आणि पाण्याचे भांडे दार न उघडता बाहेरून भरता यावे. माझ्या मुलीने मापे काढायचे काम मोठ्या हौसेने केले. मोत्या मात्र आपल्याला झबले शिवतात की काय अशा चेहऱ्याने उभा होता.

पिंजरा घरी आला आणि पहिली अडचण शब्दाची आली. सासूबाईंना "पिंजरा" हा शब्दच सहन होईना. त्यांनी त्याचे नाव ठेवले "मोत्याची खोली". मला आधी हसू आले, पण पुढे कळले की नावाप्रमाणे आपले वागणेही बदलते. खोली म्हटल्यावर ती अडगळीत राहिली नाही. बैठकीच्या कोपऱ्यात, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी आली. पहिला आठवडा तिचे दार आम्ही काढूनच ठेवले. मोत्याने लांबून वास घेतला आणि पाठ फिरवली. मग त्याची जेवणाची थाळी रोज एकेक वीत आत सरकवू लागलो. चौथ्या दिवशी पुढचे दोन पाय आत गेले. सातव्या दिवशी शेपूट सोडून सगळा मोत्या आत. दुसऱ्या आठवड्यात दार बसवले आणि तो खात असताना एक मिनिट लावून उघडले. मग पाच मिनिटे, मग पंधरा. तो ओरडू लागला तर त्या क्षणी दार उघडायचे नाही, गप्प झाला की उघडायचे, हे पथ्य पाळले. नाहीतर ओरडले की सुटका होते एवढेच तो शिकतो. अंथरायला नवी गादी आणायचा माझा बेत होता. सासूबाईंनी कपाटातून मामंजींचा जुना राखाडी स्वेटर काढला आणि काही न बोलता आत पसरला. त्या रात्री मोत्या पलंगाखाली आलाच नाही.

तेवढ्यात दिवाळी आली. दरवर्षी फटाके सुरू झाले की मोत्या न्हाणीघरात जाऊन थरथरत बसतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिली माळ वाजली आणि मोत्या दिसेना. मुलगी शोधत न्हाणीघरात गेली, गॅलरीत गेली. तो खोलीत होता. आपण होऊन आत शिरून, स्वेटरमध्ये नाक खुपसून निजला होता. आम्ही वरून एक जाड चादर टाकली. आता विमानाच्या आवाजाची भीती उरली नाही, अशी माझी त्या संध्याकाळी खात्री पटली. ज्यांना कधीच विमानाने जायचे नाही त्यांनीही कुत्र्याला अशी खोली द्यावी. दिवाळीपुरती तरी ती उपयोगी पडते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खोलीसकट मोटारीतून फेऱ्या केल्या. आधी फुटाळ्यापर्यंत, मग वर्धा रोडने थेट विमानतळापर्यंत. त्या विमानतळाला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, पण सासूबाईंच्या तोंडी तो सोनेगावच. त्यांच्या लहानपणी सोनेगावची मध्यरात्र प्रसिद्ध होती. १९४९ साली रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारी दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल करीत आणि उजाडायच्या आत परत फिरत. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला मिळालेला तो मान होता. "थैल्या इकडच्या तिकडे कधी गेल्या नाहीत," सासूबाई म्हणाल्या, "तर मोत्या कसा जाईल?" हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे.

निघायच्या दिवसाची पथ्ये सांगते. आदल्या रात्री नेहमीचे जेवण द्यावे; सकाळी पोटभर खाऊ घालू नये, निघण्याच्या चार-सहा तास आधी थोडेसे पुरे. पाणी मात्र बंद करू नये. भांड्यात पाणी भरून ते रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. चढवताना सांडत नाही आणि वाटेत हळूहळू वितळून पिता येते. ही युक्ती मला फार आवडली. पिंजऱ्यावर नाव, पत्ता, दोन्ही गावचे दूरध्वनी, "जिवंत प्राणी" अशी चिठ्ठी आणि वरची बाजू दाखवणारे बाण असावेत. कुत्र्याचा एक फोटो पिंजऱ्यावर आणि एक आपल्याजवळ ठेवावा. विमानतळावर इतर प्रवाशांच्या बरेच आधी पोचावे. पिंजऱ्याचे वजन होते, भाडे निराळे भरावे लागते, कागद तपासतात. नंतर सुरक्षा तपासणीच्या वेळी कुत्र्याला बाहेर काढतात आणि रिकामा पिंजरा तपासतात. म्हणून गळपट्टा आणि साखळी हाताशी हवीच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला सोपवताना रडारड करू नये. आपल्या आवाजातली भीती कुत्र्याला आधी कळते. सासूबाईंनी हे मनावर घेतले होते. त्यांनी जाळीतून एक बोट आत घातले, "मोत्या, खोलीत बैस, मी आलेच," एवढेच म्हणाल्या आणि चाकाच्या खुर्चीत पाठ ताठ करून पुढे निघाल्या. हे वाक्य त्या महिनाभर रोज भाजी आणायला जाताना म्हणत होत्या. मोत्याला त्याचा अर्थ माहीत होता: आजी जाते आणि परत येते.

विमानात बसल्यावर मी हवाईसुंदरीला विनंती केली की खाली कुत्रा चढला आहे आणि वैमानिकांना ते ठाऊक आहे, एवढे विचारून सांगा. ती आत जाऊन आली आणि हसून म्हणाली, "हो आजी, बसला आहे तो." प्रत्येकाने हे अवश्य विचारावे, आठवण होते आणि आपलाही जीव भांड्यात पडतो. दीड तास सासूबाईंनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. मुंबईला सामानाच्या पट्ट्याजवळ उभे राहिलो. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. पेट्या येत होत्या, लोक उचलून जात होते. माझ्या पोटात गोळा आला होता. इतक्यात कोपऱ्यातल्या दाराआडून ओळखीचे भुंकणे ऐकू आले. सासूबाई म्हणाल्या, "रागावलाय. म्हणजे बरा आहे." आणि मग, दीड महिन्यात पहिल्यांदाच, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. दोन माणसांनी खोली हातांनी उचलून आणली. स्वेटर ओला झाला होता, बर्फ अर्धा वितळला होता. बाकी मोत्या जसाच्या तसा.

आमचा प्रवास देशातल्या देशात होता. पण आज नागपुरातल्या कितीतरी घरांतली मुले परदेशी आहेत, आणि "आई, पुढच्या महिन्यात टायगरला पाठव ना," असा फोन येतो. त्या आईवडिलांनी आधी पंचांग उघडावे. युरोपातील देशांसाठी प्रथम कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवावी लागते, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे. म्हणजे चार महिने झाले. जपानसाठी रक्त घेतल्यापासून १८० दिवस. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. कुत्रा सहा महिन्यांपेक्षा लहान चालत नाही, चिप हवी, आणि रेबीजच्या दृष्टीने भारत धोक्याच्या देशांत मोडत असल्याने कागदपत्रे जास्त लागतात. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. शिवाय देशाबाहेर नेण्याचा सरकारी दाखला पशु-विलगीकरण खात्याच्या ठाण्यावर मिळतो, आणि ती ठाणी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथे आहेत, नागपुरात नाही. तेव्हा विदर्भातल्या टायगरला परदेशी जाण्यापूर्वी एक प्रवास देशातच करावा लागतो. नियम इतके कठोर का, असे वाटेल. पण रेबीज झालेला माणूस वाचत नाही, हे लक्षात घेतले की त्यांचा राग येत नाही. आणि वेळप्रसंगी हे नियम सैलही झाले आहेत. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा काही भारतीय विद्यार्थी आपली कुत्री-मांजरे सोडून यायला तयार होईनात. आपल्या सरकारने त्या वेळेपुरती सवलत दिली आणि ती जनावरे मुलांबरोबर मायदेशी आली.

पिंजऱ्यातल्या राघूलाही न्यावे असे कोणाला वाटले, तर एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्याकडचा हिरवा पोपट किंवा पाठीवर चांदण्या असलेले कासव बाळगणे हाच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. विमानतळावर त्यांची नव्हे, आपलीच चौकशी होईल.

शेवटी थोडे कडू सांगते. प्रत्येक प्राण्याला नेणे म्हणजेच प्रेम, असे नाही. हृदयाचा आजार असलेले, अगदी म्हातारे झालेले, गाभण, किंवा महिनाभर प्रयत्न करूनही पिंजऱ्यात पाय न टाकणारे जनावर मागे ठेवणेच बरे. मात्र ज्याला ते ओळखते अशा माणसाकडे, आणि त्याच्या अंथरुणासकट. आठ दिवसांच्या सहलीसाठी तर कुत्र्याला विमानात कोंबूच नये. फोटो आपले चांगले येतात, हाल त्याचे होतात. डॉक्टरांनी नको म्हटले असते तर आम्हीही मोत्याला नेले नसते. सासूबाईंना ते मी त्याच दिवशी सांगितले होते, आणि बराच वेळ गप्प राहून त्यांनीही मान हलवली होती.

ज्यांना न्यायचेच आहे त्यांनी तिकिटाची घाई न करता आधी खोली आणावी, दार काढून बैठकीच्या कोपऱ्यात ठेवावी आणि घरातले एखादे जुने, वापरलेले, ज्याला आपल्या माणसाचा वास आहे असे वस्त्र आत अंथरावे. बाकीचे कागद, शिक्के आणि भाडे पैसे मोजले की होतात. ही एवढी गोष्ट मात्र रोज थोडी थोडी, घरीच करावी लागते.